सरावाची शालन

दार उघडलं तर समोर सुलेखा. केस ओले, काखेत पट, हातात सोंगट्यांची पिशवी.

"चल गं शालन, अण्णामामा खाली बोलावतोय. नाश्त्याच्या आधी एक डाव बसू म्हणाला."

मी तोंडातला ब्रश बाहेर काढला. "कुणासाठीचा सराव?"

"आजच्या फेरीचा. शेवटची फेरी नाही का!"

"आज तुझ्यासमोर कोण आहे?"

"आज ना, आज..." ती म्हणाली आणि थांबली. मग तिचे डोळे हे एवढे मोठे झाले. "अगं बाई! आज तर तूच आहेस की!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. आणि गंमत बघा, हसून झाल्यावर ती काही माघारी गेली नाही आणि मीही 'जा' म्हणाले नाही. सवय म्हणतात ती ही. मी चूळ भरली, वेणी बांधली आणि दोघी जिना उतरून खाली गेलो.

नांदेडच्या ज्या मंगल कार्यालयात आम्ही उतरलो होतो, त्याच्या पडवीत अण्णा कोपर्डेकर लोखंडी टेबलाशी बसले होते. कऱ्हाडात बुद्धिबळ शिकवणारा माणूस म्हटलं की अण्णाच. सुलेखा त्यांची सख्खी भाची. मला बघून त्यांनी नेहमीसारखं समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

"बस, शालन. आज तू..."

त्यांचं बोट तसंच हवेत राहिलं. अण्णांनी सुरू केलेलं वाक्य अर्धवट सोडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सुलेखाकडे बघितलं, आणि हातातला वजीर पटावर आडवा ठेवून दिला.

"तू नाश्ता करून घे," ते मला म्हणाले. आणि भाचीला म्हणाले, "सुले, तू माझ्या खोलीत ये."

गेली दोघं. मी लावलेल्या पटासमोर एकटी. मघाशी इतकी हसले होते, पण आता माझ्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी होत्या. तीन वर्षं रोज सकाळी मी त्या माणसासमोर बसले होते आणि आज मला म्हणे पोहे खा!

माझं काम काय होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझा राग कळेल.

मी अण्णांची शिष्या नव्हते. सुलेखा शिष्या. मी सरावाची. शाळेत असताना अण्णांनी मला खेळताना बघितलं आणि माझ्या आईला येऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्या मुलीला एक देणगी आहे. कुणाचीही नक्कल हुबेहूब करते." खरंच होतं ते. समोरची कशी खेळते हे मला दोन-तीन डाव दाखवले, की चौथ्या डावात मी तीच व्हायचे. मग अण्णांनी रीतच पाडली. राज्यातल्या तगड्या मुलींचे डाव गोळा करायचे, मला दाखवायचे, आणि सकाळी सकाळी हुकूम सोडायचा, "आज तू वसईची पर्ल." की मी पर्ल कुटिन्हो. पर्ल म्हणजे सगळं अंगावर घेऊन धावणारी. लग्नात अक्षता टाकाव्यात तशी प्यादी फेकायची. दुसऱ्या दिवशी, "आज तू नागपूरची कालिंदी." कालिंदी खोब्रागडे म्हणजे दगड. समोरचं मोहरं दिसलं की मारामारी करून पट मोकळा करायचा, आणि कंटाळून समोरचीनं चूक केली की गिळायचं. चाल करण्याआधी ती वेणी पुढे घ्यायची, तर मीही घ्यायचे. घरी गेले तरी माझ्या अंगातून ती उतरायची नाही. आई विचारायची, "आज कोण आलंय गं आमच्याकडं जेवायला?"

आणि माझ्या त्या सगळ्या अवतारांशी लढून लढून सुलेखा तयार होत होती. एखादा डाव मी जिंकायला लागले, की अण्णा टेबलावर टिचकी मारायचे. "पुरे. कळलं आपल्याला." की डाव मोडला. पुढं काय झालं असतं, ते विचारायचं नाही.

नांदेडला राज्य स्पर्धेला मी आले तीही तशीच, पेटीसारखी बरोबर. खेळायला नाही. पण पहिल्याच दिवशी जालन्याच्या मुलीला कांजिण्या निघाल्या आणि नावं विषम झाली. दर फेरीला एकीला रिकामी बसवायची वेळ आली. संयोजक घाम पुसत विचारत फिरत होते, "कुणी आहे का हो जास्तीची? सोंगट्या हलवता आल्या तरी चालेल."

अण्णा म्हणाले, "ही घ्या. आमची सरावाची शालन." आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हरलीस तरी काही बिघडत नाही. फक्त सुलेच्या वाटेत येऊ नकोस."

मी बरं म्हणाले. मला तरी काय ठाऊक!

तिसऱ्या फेरीत पर्ल समोर आली. तिनं प्यादं फेकलं आणि मला गुदगुल्याच झाल्या. पुढचं प्यादं ती कुठलं फेकणार, मग उंट कुठं ठोकणार, हे मला तिच्या आधी दिसत होतं. दीड तासात ती उठली आणि रडत रडत तिच्या बाबांकडे गेली. पुढं कालिंदी आली. ती वेणी पुढे घ्यायला लागली की मी मनात म्हणायचे, आता हत्ती. हत्तीच यायचा! तीही गेली. कार्यालयात कुजबुज सुरू झाली, "ही शालन शेवाळे कोण हो? कुठनं उपटली?" मला जमिनीवर पाय ठेवावासा वाटेना.

आणि आता शेवटची फेरी. सुलेखा माझ्यापेक्षा अर्ध्या गुणानं पुढं. बरोबरी झाली तरी ती राज्याची विजेती. मला जिंकायलाच हवं होतं. राष्ट्रीय स्पर्धेला इथून एकच मुलगी जाणार होती. मी जिंकले तर खेळाडू म्हणून मी जाणार. नाही जिंकले तर सुलेखा जाणार, आणि मग काय होणार ते मला लख्ख दिसत होतं. अण्णा बंगाल-मद्रासच्या बायकांचे डाव आणणार, आणि मी परत त्या खुर्चीत बसणार. आता अख्ख्या देशाची सोंगं काढायला.

पोहे मी खाल्ले नाहीत. गच्चीवर जाऊन येरझाऱ्या घातल्या. माझी अडचण भलतीच होती. सगळ्यांना हरवायची माझी एकच युक्ती, समोरची होऊन बघायचं. पण सुलेखा मी कधी झालेच नव्हते. अण्णांनी कधी होऊच दिलं नव्हतं. उलट माझी सगळी सोंगं तिला पाठ. मग मी आज कोण होऊन बसू? खूप डोकं खाजवलं आणि ठरवलं, पर्लच बरी. सुलेखाला गडबडीचा डाव आवडत नाही.

त्या कार्यालयात संध्याकाळी कुणाच्या तरी मुलीची हळद होती. खाली आले तर आचारी पातेली उतरवत होते आणि व्यवस्थापक पंचांच्या मागे लागला होता. "साहेब, हळदीच्या आत हॉल मोकळा करून द्या. मुलीकडचे लोक फार तापट आहेत."

आम्ही पहिल्या पटावर बसलो. पांढरी माझ्याकडे. हात मिळवला तेव्हा सुलेखाचा हात गार होता, माझा घामेजलेला. घड्याळ सुरू झालं.

मी पर्लसारखी सुरुवात केली आणि पाचव्या-सहाव्या चालीला प्यादं फेकलं. सुलेखानं वर बघितलंच नाही. पण तिच्या ओठांचा कोपरा हलला. ताडकन उत्तर आलं. मी पुढचं फेकलं. परत ताडकन उत्तर. हाय रे दैवा, हे सगळं आमचं झालेलंच होतं! मीच पर्ल होऊन हिला हे शिकवलं होतं आणि आता माझीच शिकवणी माझ्याच अंगावर येत होती.

कशीबशी सावरले आणि पर्लला सोडून कालिंदी झाले. उंटावर उंट मारला, घोड्यावर घोडा. पट मोकळा करायला घेतला. तशी सुलेखानं काय केलं असेल? माझ्याकडे बघितलं, स्वतःची वेणी हळूच पुढे घेतली आणि भुवई उडवली.

ओळखलं होतं तिनं. मेलीनं भर स्पर्धेत मला चिडवलं! दुसऱ्या कुठल्या दिवशी मी फस्सकन हसले असते. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा राग नव्हता तो. पर्ल संपली, कालिंदी संपली, आता पिशवीत कुणी उरलं नाही, याची भीती होती.

तोवर पट मोकळा व्हायच्याऐवजी त्याची पार कोंडी झाली होती. मधे आणि माझ्या डाव्या हाताला प्याद्याला प्यादं भिडलेलं, दोन्हीकडून दारं बंद. तिची बहुतेक फौज त्या दारांपाशी उभी, पण तिला आत यायला फट नाही. मला जायला नाही. उजवीकडे माझा राजा किल्ल्यात, त्याच्यासमोर पलीकडे तिचा राजा किल्ल्यात. ती हत्ती एक घर इकडे घ्यायची, मग परत तिकडे. तिला कसली घाई!

"बरोबरी?" तिनं हळूच विचारलं. घरी चहा विचारतात तसं.

मी मान वळवली. बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडे अण्णा उभे होते. त्यांनी मान हलवली. ती मला होती, की शेजारच्या माणसाच्या बोलण्याला होती, देव जाणे. पण मला ती 'घे' अशीच दिसली. खोटं कशाला बोलू, मोह झाला. आकडा सम करायला आलेली मुलगी राज्यात दुसरी! कऱ्हाडच्या स्टँडवर हार घेऊन आले असते लोक. आईनं पेढे वाटले असते.

मी पाणी प्यायले. पटाकडे बघितलं. कोण काय करेल, हे बघायची सवय, म्हणून आधी पर्लला विचारलं. ती म्हणाली, फेक काहीतरी. फेकायला काही नव्हतं. कालिंदीला विचारलं. ती म्हणाली, बस आणि वाट बघ. पण वाट बघून बरोबरीच होणार होती. मग मी कुणालाच विचारलं नाही. नुसतीच बघत राहिले. आणि बघता बघता मला माझ्या राजासमोरची तीन प्यादी दिसली. पहिल्यापासून तिथं राखण करत उभी. मी म्हटलं, बायांनो, तुम्ही राजाला राखताय म्हणून घरात अडकलात. राजाच तिथं नसला तर?



"खेळू या," मी सुलेखाला म्हणाले आणि राजा उचलून एक घर डावीकडे ठेवला. किल्ल्याच्या बाहेर.

दोरीपाशी कुणीतरी फिस्स केलं. सुलेखानं हत्ती इकडे घेतला. मी राजा आणखी एक घर डावीकडे. तिनं हत्ती तिकडे. राजा आणखी एक घर. आता हसणारे गप्प झाले आणि न हसणारे हसायला लागले. "अहो, हिचा राजा निघाला कुठं? देवदर्शनाला?" पंचांनी टेबल वाजवून त्यांना गप्प केलं.

सुलेखानं मान वर केली. तिनं पटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. ती शोधत होती. तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं, पर्ल? नाही. कालिंदी? छे, ती राजाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाही. पुण्याची? अमरावतीची? एकेक नाव काढून बघत होती बिचारी, आणि एकही बसत नव्हतं. प्रत्येकीवर तिच्याकडे उत्तर होतं. हिच्यावर नव्हतं, कारण ही कोण, हेच तिला कळत नव्हतं. मला तरी कुठं कळत होतं! मला एवढंच कळत होतं की छातीत ढोल वाजतोय आणि मला हे फार फार आवडतंय.

माझा राजा पार पलीकडे, बंद दारांच्या आड जाऊन बसला. तिची फौज दाराबाहेर धक्के देत राहिली. मग मी माझं उजवीकडचं प्यादं दोन घरं पुढं ढकललं.

सुलेखाचा हात हत्तीकडे गेला होता, तो वाटेतच थांबला. कळलं तिला. ज्या घरातून राजा गेला, त्या घरातून आता माझी प्यादी सुटणार होती, थेट तिच्या राजावर. आणि तिची फौज राहिली होती दुसऱ्या टोकाला, बंद दारांशी.

ती विचारात पडली. घड्याळ टिकटिकत होतं. चावीची घड्याळं होती ती, वेळ संपत आली की काटा लाल निशाण उचलायचा. तिनं घोडा परत फिरवला. मी दुसरं प्यादं सोडलं. तिनं उंट मागे आणला. मी प्यादं भिडवलं, मारू दिलं, आणि उघडलेल्या वाटेवर हत्ती आणून उभा केला. दुसरा हत्ती त्याच्या पाठीशी. बाहेर मांडववाल्यानं भोंगा लावला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग!" मी दचकले आणि हातातला उंट पडता पडता वाचला. पंच दाराकडे धावले. व्यवस्थापक म्हणत होता, "अहो, मुलीकडचे लोक आले!"

"येऊ द्या!" अण्णा ओरडले. अण्णा! ते दोरीवर इतके ओणवे झाले होते की दोरी ताणली गेली होती.

मी उंट ठोकला. तिनं घेतला. घेण्यावाचून गत नव्हती. हत्तीनं शह. राजा सरकला. वजीर आला. परत शह. घाईघाईनं चाल लिहिताना माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. सुलेखाचं लाल निशाण उचललं गेलं होतं. पण ती घड्याळाकडे बघतच नव्हती. हनुवटी मुठीवर टेकवून ती पट बघत होती, आणि पुढं काय आहे ते सगळं तिला दिसत होतं. मलाही दिसत होतं. एक शह, मग आणखी एक, मग मात. टेबलावर टिचकी मारून डाव मोडणारं तिथं कुणी नव्हतं.

तिनं घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. आता माझा हात गार होता आणि तिचा घामेजलेला.

टाळ्या वाजल्या, कुणीतरी माझ्या पाठीवर धपाटाही घातला. मला काही ऐकूच येईना. मी खुर्चीत बसून होते. सुलेखाही उठली नाही. तिचे डोळे भरले होते, पण ती पटावरून नजर काढत नव्हती.

अण्णा दोरीखालून वाकून आत आले. धोतराचा सोगा दोरीत अडकला तरी त्यांना कळलं नाही. मला शाबासकी नाही, भाचीला धीर नाही. त्यांनी राजाकडे बोट केलं.

"शालन, हे राजाला चालवत न्यायचं, हे कुणाचं? कोण खेळतं असं? मुंबईची ती नवी मुलगी का?"

मी मोडक्या टोकाची पेन्सिल टेबलावर ठेवली. अण्णांनी परत विचारलं, या वेळी चिडून. "अगं, कुणाचं घेतलंस?"

सुलेखानं ओढणीनं नाक पुसलं.

"कुणाचं नाही, अण्णामामा," ती म्हणाली. "मी सगळ्या तपासून बघितल्या. ही कुणीच नव्हती. ही आपली शालनच होती."

असं म्हणून ती उठली आणि तिनं आपली खुर्ची अण्णांच्या पुढ्यात सरकवली. अण्णा खाली बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाहेर बायकांनी हळदीची गाणी सुरू केली होती आणि व्यवस्थापक हात जोडून उभा होता. अण्णांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एकेक मोहरं उचलून त्यांनी पट परत मागे नेला, बरोबरी विचारली होती तिथवर. माझा राजा किल्ल्यात ठेवला. आणि त्या माणसानं, ज्यानं तीन वर्षांत मला जिंकत आलेला एकही डाव शेवटपर्यंत खेळू दिला नव्हता, माझ्यासमोर दोन्ही हात गुंफून मांडीवर ठेवले.

"इथून दाखव," ते म्हणाले. "आणि पोरी, सावकाश दाखव. मला एकदम नाही कळायचं."